तिच्या ओळीनंतरची जागा

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणारीनं ओळ संपवली की पुढची जागा लीड गिटारची, म्हणजे माझी. गाणारी माझी बायकोच. घरात शेवटचा शब्द तिचा असला तरी स्टेजवर माझा, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि ती नुसती भुवई वर करायची. आमचं बिऱ्हाड नांदेडात. लग्न, जयंती, गणपती, उरूस, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. मुखेड म्हणू नका, हिमायतनगर म्हणू नका, उदगीर म्हणू नका.

माझी ओळख म्हणजे बेंड. तार दाबायची आणि बोटानंच वर ढकलायची, की सूर सरकत सरकत वरच्या सुराला जाऊन भिडतो. दांडीवरच्या पट्ट्यांवर, म्हणजे पडद्यावर, नुसता दाबलेला सूर कुणाचाही बरोबर येतो, तो कारखान्यातच बसवलेला असतो. बेंड कुठं थांबवायचा ते मात्र कान सांगतो. माझा कान लई पक्का, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

गिटारची दांडी डावीकडं लांब निघते. कुणाला लागू नये म्हणून मी कायम स्टेजच्या डाव्या टोकाला, स्पीकरच्या थप्पीला खेटून उभा राहायचो. ती मानाची जागा. तिथं आपलं आपल्याला ऐकू येतं, छातीत धडधड होते, आणि साऊंडवाल्याला मी वरून अजून वाढव म्हणून खुणावायचो. जयंतीच्या मिरवणुकीत गाडीवर तर थप्पी खांद्याला लागायची. दुसऱ्या दिवशी डावा कान बसलेला असायचा. बायको लसणाचं तेल कोमट करून घालायची, संध्याकाळपर्यंत कान उघडायचा. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, तसलं काहीतरी असंल म्हणून मी सोडून दिलं.

मग लातूरच्या एका लग्नात मला कीबोर्ड उतरलेला वाटायला लागला. एकदा खुणावलं, दोनदा खुणावलं, तिसऱ्यांदा माझं डोस्कं फिरलं. गाणं संपल्या संपल्या सगळ्यांसमोर त्याला झापला. वर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो बिचारा मान खाली घालून बटणं दाबत बसला. एरवी माझ्या टोमण्यावर हसणारी आमची ऑर्केस्ट्रातली पोरं त्या दिवशी कुणीच हसली नाहीत. ढोलकीवाला उगीच वादी आवळत राहिला. कीबोर्डचा सूर उतरत नसतो, हे काय मला कळत नव्हतं? पण रागाला कुठं डोळे असतात.

घरी आल्यावर मनात कुठंतरी खुपलं. हात ढिला पडला असंल म्हणून रियाज वाढवला. सकाळी चहाच्या आधी बसायचो. उजव्या कानात मोबाईलची वायर, त्यात तिच्याच गाण्याचं रेकॉर्डिंग. डाव्या बाजूला स्टुलावर गिटारचा छोटा ॲम्प. तिची एक ओळ ऐकायची, थांबवायचं, तिला उत्तर द्यायचं. घाई करायची न्हाई, बेंड संथ चढवायचा, तिच्या सुराला बरोबर भिडला की तिथंच धरून ठेवायचा. बोटाची कातडी सोलली तरी सोडलं नाही. आणि खरंच बसला की! झोपेतून उठवलं असतं तरी बोट तिथंच जाऊन थांबलं असतं. एवढी साफ बोटं माझी उमेदीतसुद्धा नव्हती.

पण स्टेजवर भलतंच सुरू झालं. ओळ संपली की बायको थांबंना. तोच सूर लांबवायची, आलाप घ्यायची, माझी जागा आल्या आल्या खाऊन टाकायची. आधी एखाद्या गाण्यात, मग प्रत्येक गाण्यात. साऊंडवाल्याला मी वाढव म्हटलं की तो मान हलवायचा आणि आवाज होता तिथंच. मला वाटलं, बाईला टाळ्यांची हाव सुटली. मी गाडीत बोलणं टाकलं. तीही गप. इतकी गप ती कधीच नसते, आणि मला रागापेक्षा भीती जास्त वाटायला लागली, कशाची ते कळत नव्हतं.

एका सकाळी रियाजाला बसलो असताना ती समोर येऊन उभी राहिली. मी विचारलंच, माझी जागा का खातीस म्हणून.

"खात न्हाई," ती म्हणाली. "झाकून घ्यायले. तुमचा बेंड सुराच्या वर चढायलाय. लई दिवस झाले. मला वाटलं बसंल आपोआप. पण तुम्ही जेवढा रियाज करायलाव, तेवढा तो तिथंच पक्का व्हायलाय."

मी चिडून तिची पेटी ओढली आणि म्हटलं, वाजव. तिनं एकच पट्टी दाबून धरली. मी डावा कान बोटानं बंद केला, सूर ऐकला. मग उजवा बंद केला. तीच पट्टी, तिचं बोट तिथंच, आणि सूर खाली आलेला, पिचका. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिचा सूर रोज चांगल्या कानात, गिटार रोज खराब कानात, आणि दोन्ही जुळवायला मी तार वर वर ओढत होतो. डॉक्टरनं मशीनवर तपासलं आणि सांगितलं, डाव्या कानाची नस गेली ती गेली, उजवी सांभाळा.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम रेणापूरला. मी स्पीकरपासून लांब उभा राहिलो. तिनं ओळ संपवली आणि माझी जागा मला मोकळी सोडली. माझं बोट तारेवर होतं, पण ढकलायची हिंमत होईना. मी पडद्यावरचे दोन सूर वाजवले आणि उरलेली जागा तशीच जाऊ दिली. दुसऱ्या ओळीला तेच, तिसऱ्या ओळीला तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरल्यावर एक जाणकार गृहस्थ मुद्दाम हात मिळवायला आले. म्हणाले, आता तुमच्या वाजवण्यात ठहराव आलाय, कुठं गप्प बसायचं ते कळायलंय. पोरांनीही मान डोलावली. मी हसलो, काय करणार.

गाडीत आमच्या जागा इतक्या वर्षांच्या ठरलेल्या, बायको खिडकीशी, माझ्या डावीकडं. त्या दिवशी तिनं मला खिडकीकडं सरकायला सांगितलं आणि येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली. तेव्हापासून ती तिथंच बसते.