तहियाचे सकाळचे पैसे

आमच्या तांता शहरात, आमच्या गल्लीत, कुणाला उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाला जायचं असलं की तो आधी स्टेशनवर जात नाही. आधी रिफअत शनवानीचं दार ठोठावतो. माणसं किती, दिवस किती, पथ्य कुणाला, खादाड कोण, एवढं त्याला सांगायचं. रिफअत कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतो आणि अर्ध्या तासात आठवड्याचा खर्च मांडून हातात देतो. फ्लॅटला एवढे, मायक्रोबसला एवढे, किनाऱ्यावरच्या छत्री-खुर्च्यांना एवढे. तांदूळ, कांदे, बटाटे घरून न्या, पाव तिथला घ्या, पोरांना आईस्क्रीम दिवसाआड. परत आलेले लोक शपथेवर सांगतात की दहावीस पौंडांचा फरक पडला तर पडला, त्यावर नाही.

का पडेल? चाळीस वर्षं हा बाबा कापडगिरणीच्या कोठारात सुया आणि बॉबिनी मोजत बसला होता. लोक त्याला पाठीमागे कंजूष म्हणतात, तेवढं मात्र खोटं आहे. कंजूष माणूस सुट्टीला जातच नाही. रिफअत दरवर्षी बायको आणि तीन मुलांना घेऊन जायचा, सलग सत्तावीस वर्षं, आणि प्रत्येक वर्षाची वेगळी वही आहे. खारे दाणे दीड पौंड, हेसुद्धा त्यात सापडेल.

गेल्या जानेवारीत त्याची बायको तहिया गेली. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात नेली आणि अकराव्या दिवशी सगळं आटोपलं. समर आणि हिबा, दोन्ही मुली, आपापल्या सासरी. मुलगा कुवेतला नोकरीला. आईसाठी त्या एका आठवड्याला तिघंही यायची, आता तेही संपलं. एप्रिल उजाडला, उकडायला लागलं, आणि सवयीने रिफअतचा हात कपाटातल्या वह्यांकडे गेला. या वर्षी मांडायचं काहीच नव्हतं, म्हणून तो जुनंच वाचत बसला. वाचता वाचता अडकला.

प्रत्येक वहीत शेवटची ओळ एकच होती. 'तहिया, सकाळचे.' पुढे आकडा. बाकी तपशील शून्य. ज्या माणसाने काड्यापेटीचा हिशेब ठेवला, त्याने ही ओळ सत्तावीस वेळा स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि ती कशाची हे त्याला ठाऊक नव्हतं!

नाही म्हणायला दुसऱ्या वर्षी त्याने एकदा विचारलं होतं. "डोक्याला जरा बरं वाटतं," एवढंच ती म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. अलेक्झांड्रियात ती रोज पहाटे चपला हातात धरून, कुणाची झोप मोडू न देता बाहेर जायची आणि तासाभराने गरम पाव घेऊन यायची. पैसे पावाचे, असं रिफअतने धरून टाकलं होतं. आता वही बघतो तर पावाची ओळ वेगळी आहे की! बरं, आकडे बघावेत तर पहिल्या वर्षी सात पौंड. मग चौदा, पस्तीस, सत्तर, आणि गेल्या वर्षी एकशेचाळीस. प्रत्येकाला सातने भाग जातो. म्हणजे सात दिवस, रोज तेवढेच. कोठारातल्या माणसाने कान टवकारले.

त्याने समरला फोन लावला. "बाबा, आम्ही झोपलेले असायचो हो," ती म्हणाली. हिबा म्हणाली, "चहा पीत असेल." त्या काळी एका पौंडात चार ग्लास चहा यायचा. तहिया रोज चार ग्लास चहा प्यायची? अशक्य. मग मासे? घरी आले असते. दानधर्म? तिचा दानधर्म तांत्यातच उरकायचा. शिंपले टाकून भविष्य सांगणाऱ्या बायका किनाऱ्यावर फिरतात, त्यांच्याकडे जायची? पण रोज, सत्तावीस वर्षं? एवढं भविष्य असतं कुणाला!

जेवताना तेच, दाढी करताना तेच. पंधरा दिवस त्याने स्वतःचं डोकं खाल्लं आणि मग मुलींना कळवलं की मी जुलैत अलेक्झांड्रियाला जाणार.

"एकटे?" समर किंचाळलीच. "लोक काय म्हणतील, बापाला वाऱ्यावर सोडलं!"

"लोकांना सांग, बाप हिशेब पुरा करायला गेलाय."

मग त्याने एका माणसाचं अंदाजपत्रक मांडायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कागद फसला. रेल्वेचं भाडं पाचवा हिस्सा झालं, ठीक. पण फ्लॅट एकट्याला स्वस्त मिळत नाही. कलिंगड अर्धं विकत नाहीत. भरलेल्या कोबीचं पातेलं एका माणसापुरतं कोण शिजवतो? माणसं पाचाची एक झाली आणि खर्च जेमतेम निम्म्यावर आला. त्याने तीनदा बेरीज केली. तीनदा तीच आली. "मेल्याहून मेल्यासारखं झालं," असं तो मला नंतर म्हणाला, आणि मला हसावं की रडावं कळेना.

तरी गेला. अलेक्झांड्रियातल्या असाफ्रा भागात, कोपऱ्यावर नेहमीसारखे दलाल खुर्च्या टाकून बसले होते, बोटात किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवत. त्यातला एक उठला, भाव ठरला, किल्ली निघाली. आणि मग त्याने विचारलं, "मंडळी कुठायत, साहेब?"

रिफअत जागच्या जागी थिजला. 'फक्त कुटुंबांना' ही पाटी त्याने सत्तावीस वर्षं प्रत्येक दारावर पाहिली होती. एकट्या पुरुषाला या भागात कुणी चटईसुद्धा भाड्याने देत नाही, हे तो गल्लीतल्या पोरांना स्वतः बजावून सांगायचा. अख्ख्या अंदाजपत्रकात एवढी एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती की आता तो त्या पाटीच्या बाहेर पडलाय.

"मागून येतायत," तो बोलून गेला. तोंडातून निघालंच. सत्तावीस वर्षं हेच तर खरं होतं.

घरमालकीण हाज्जा इन्शिराह तळमजल्यावर राहायची. दिवसभर दारात स्टूल टाकून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसायची, आणि जिन्यावरून मांजर गेलं तरी ती चौकशी करायची. "कधी येतायत मंडळी?" संध्याकाळी. "आज येणार होते ना?" दुसऱ्या सकाळी. रिफअत आपला काहीतरी पुटपुटत भिंतीला घासून निसटायचा. चौसष्टाव्या वर्षी चोरासारखा.

पहिल्या दोन्ही पहाटे तो किनाऱ्यावर गेला. त्यांची जागा ठरलेली होती, रस्ता ओलांडला की समोरच. तो कठड्यावर बसला. काही माणसं जाळं ओढत होती, एक बाई स्टोव्हवर चहा करत होती, एक म्हातारा वाळूत खुर्च्या लावत होता. यातल्या कुणाकडे जायची तहिया? आणि विचारायचं तरी कसं? माझी बायको इथे येऊन काय करायची हो, असं परक्या माणसाला विचारणाऱ्या नवऱ्याला लोक काय समजतील? दोन्ही दिवस तो तोंड मिटून परत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. हाज्जा इन्शिराह कमरेवर हात देऊन उभी.

"दोन दिवस बघतेय मी. पाच माणसांच्या घराच्या दोरीवर एक बनियन वाळतंय. एक! बाकीचे काय नागडे पोहतायत?"

"हाज्जा, त्याचं असं आहे..."

"असंही नाही आणि तसंही नाही. तुमच्या वयाला शोभतं हे? शेजारी लेकीसुनांची घरं आहेत. सामान आवरा. उरलेले पैसे परत देते, माझ्याकडे कुणाची हरामाची पै नको."

रिफअतने सामान आवरलं नाही. तो मटकन बसला आणि पिशवीतून शेवटची वही काढून तिच्यापुढे धरली. मंडळी येणार नाहीत, मंडळी जानेवारीत गेली, हे त्याने सांगितलं. मग ती ओळ दाखवली. मग सातचा भागाकार.

हाज्जाने वही घेतली, डोळ्यांपासून लांब धरली. तिचे हात कमरेवरून कधी खाली आले ते तिलाही कळलं नाही.

"रोज?"

"रोज."

"सत्तावीस वर्षं? आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं होतं की. एकदा."

"एकदा!" हाज्जाने कपाळावर हात मारला. "अहो, माझा नवरा हयात असताना दोन पौंड इकडचे तिकडे झाले तर मी त्याला जेवू द्यायची नाही. आणि तुम्ही एकदा विचारून मोकळे! बरं, गेले दोन दिवस काय शोध लावलात?"

"कठड्यावर बसून बघतोय."

"कठड्यावर! समुद्र उठून येऊन सांगणार आहे का तुम्हाला? लाज सोडा आणि माणसांना विचारा." ती दारापर्यंत गेली, परत वळली. "उद्याची सकाळ देते. नाही कळलं तर दुपारच्या गाडीने तांता. कळलं तर राहा आठवडाभर, पण आधी मला सांगायचं. काहीएक न वगळता. नाहीतर मला झोप यायची नाही आता."

तिसऱ्या पहाटे रिफअत वाळूत उतरला. जाळंवाल्यांनी मान हलवली. चहावाली तीनच वर्षं तिथे बसत होती, म्हणाली, "जुनं विचारायचं तर शहाताकाकाला विचारा, तो या कठड्याच्या आधीपासून आहे इथे."

शहाताकाका म्हणजे तो खुर्च्या लावणारा म्हातारा. रिफअतने घसा खाकरून सांगायला सुरुवात केली: एक बाई यायची, मध्यम बांधा, गोल चेहरा, उजव्या भुवईवर जुना व्रण, तांत्याची...

"कोण, तांत्याची ताई?" म्हातारा ताठ झाला. "अजून आली नाही या वर्षी. जुलै अर्धा संपला. तब्येत बरी आहे ना?"

म्हाताऱ्याला उत्तर रिफअतच्या तोंडावरच दिसलं. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यासाठी दुवा मागितली.

"काय करायची ती इथे, काका?"

"करायची काय? बसायची. पहाटे यायची, एक खुर्ची घ्यायची. छत्री नको म्हणायची. पार पाण्यापाशी टाकून घ्यायची आणि पाय सोडून बसायची. कुणाशी बोलायची नाही. चपला मांडीवर. तासाभराने उठायची."

"आणि पैसे?"

"खुर्चीचे. आमच्यात तासाचं भाडं नसतं, दिवसाचंच असतं. मला वाईट वाटायचं. मी म्हणायचो, ताई, दिवसभराचे भरलेत तर दुपारीही या, बसा. तर हसायची. म्हणायची, 'दुपारी घरच्यांबरोबर असते. तिथे मला खुर्ची धरलेली नसते.'"

रिफअतला वही उघडायची गरज नव्हती. ती ओळ त्याला पाठ होती. छत्री एक, खुर्च्या चार, चटई घरची. तीन मुलांच्या तीन आणि चौथी. पहिल्याच वर्षी त्याला ही युक्ती सुचली होती आणि तेव्हा तो स्वतःवर कोण खूश झाला होता! बाईमाणूस डबे उघडायला, भांडी धुवायला खालीच बसतं, मग तिची खुर्ची कशाला, आठवड्याचे सात पौंड वाचतात. गल्लीतल्या प्रत्येक घराला त्याने हे लिहून दिलं होतं. माणसं सहा तर खुर्च्या पाच. माणसं आठ तर सात. कुणी कधी हरकत घेतली नाही. आणि तो सात पौंड वाचवत होता त्याच वर्षी, त्याच आठवड्यात, तहिया तेच सात पौंड मागून घेत होती, आणि तो ते वहीत लिहीत होता.

त्याला आत कुठेतरी फार लागलं. राग आला, तोही तिचाच आला आधी: एकदा बोलायचं होतंस ना गं! मग आठवलं की त्याने एकदाच विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून तो कलिंगड आणायला निघून गेला होता.

म्हाताऱ्याने विचारलं, "खुर्ची टाकू का तुम्हाला?"

"नको," रिफअत म्हणाला, आणि वाळूतून परत फिरला.

हाज्जा इन्शिराह जिन्याच्या तोंडाशीच बसली होती. एवढ्या सकाळी पानंही खुडायला घेतली नव्हती तिने, नुसती वाट बघत होती.

"कळलं?"

"कळलं."

"बोला मग! काय करायची?"

"बसायची, हाज्जा. एक खुर्ची भाड्याने घेऊन समुद्राशी बसायची."

हाज्जाचा चेहरा पडला. एवढंच? "अहो, पण दुपारी जायचात ना सगळे? तेव्हा नाही का बसता यायचं?"

"चार खुर्च्या घ्यायचो आम्ही. माणसं पाच."

हाज्जाने बोटांवर मोजलं, मुलं तीन, चौथ्या बोटावर थांबली, आणि मग तिने वर बघितलं.

"आणि तुम्ही?"

"मी खुर्चीवर," रिफअत म्हणाला.