लेकाच्या घराची चौकट

आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा माझी बदली उटनूरला झाली, आणि रोजच्या बसमध्ये एक म्हातारा सुतार माझ्या नशिबी आला. तो गुडीहत्नूरला चढायचा, शेजारी बसायचा आणि फोनवर लेकाच्या परदेशातल्या नव्या घराचा फोटो दाखवायचा. दोन मजले, पुढे हिरवळ. माझ्या घराला अजून गिलावासुद्धा नव्हता. मी आतल्या आत जळायचो. त्यात हा फोटोतल्या दरवाज्यावर बोटं टेकवून माप घ्यायचा, तेही रोज.

एकदा न राहवून विचारलं, "एवढ्या घराला खर्च किती आला हो?"

"ते त्यालेच मालूम," तो म्हणाला. "म्या त्याच्यासाठी सागाची चौकट केली होती. हळद-कुंकू लावून, नारळ फोडून म्याच उभी करनार होतो. पोरगा म्हने, बाबा, इकडं चौकटी तयार भेटतात, तुमी काऊन तरास घेता? गावातल्या साऱ्या घरांच्या चौकटी म्या उभ्या केल्या, साहेब. लेकाची तेवढी माझ्याच भिंतीले टेकून हाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण उटनूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो, कारण माझ्या चेहऱ्यावरचं समाधान काही केल्या लपत नव्हतं.