राहिलेली तीन पुटं

निघताना दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारच्या सखूकडे दिली. कधी येणार, हे तिनं विचारलं नाही. म्हातारा मुलाकडे मुंबईला चालला, आता कसला परत येतो, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. तेव्हा सरळ लिहितो. बायको, काशी, माघात गेली. चैत्रात मुलाचं पत्र आलं, बाबा, तुम्हाला एकट्यानं जमायचं नाही, पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत या. मला राग आला. न जमायला काय झालं? ती दरसाल रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) आमसुलं करून रत्नागिरीत जैनबबीच्या दुकानी घालायची. म्हटलं, यंदा मी करतो. जैनबबीनं तिची घ्यायची तशी माझी घेतली, तर घरी परत. नाही घेतली, तर त्याच दिवशी बोट. म्हणून एका हातात ट्रंक आणि डोक्यावर आमसुलांचं गाठोडं.

हातखंब्यापर्यंत चालत गेलो. तिथं एस.टी. मिळाली. कंडक्टर म्हणाला, गाठोडं टपावर टाका. मी म्हटलं, मग मलाही टाक. शेवटी मांडीवर घेऊन बसलो. दोन्ही बाजूंना जांभ्याचा तापलेला सडा (कातळाचं माळरान), वारा भट्टीसारखा. अर्ध्या वाटेत शेजारची बाई दचकली.

"आजोबा, रक्त येतंय का काय तुम्हाला?"

बघतो तर धोतर मांडीपर्यंत लाल. गाठोडं पाझरत होतं. माझं नाही, रातांब्याचं रक्त आहे, म्हटलं. सगळी गाडी हसली. वाळलेली आमसुलं पाझरायला नको होती, एवढं तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

रत्नागिरीत उतरल्यावर आधी मिरकरवाड्याकडे एका खानावळीत जेवलो. भात आणि बांगड्याचं तिखलं. मालकानं वाटीत सोलकढी दिली. ती प्यायलो नाही. घरची चव जिभेवर होती, ती पुसायची नव्हती.

जैनबबीचं दुकान तिथून जवळच. जाडजूड बाई, चष्म्याला दोरा बांधलेला. नवरा तांडेल (गलबतावरचा मुख्य) होता, समुद्रातच गेला. तेव्हापासून तराजू तिच्या हातात. तिनं आधी माझ्या धोतराकडे पाहिलं, मग गाठोडं सोडलं. एक साल उचललं, फाडलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकून टाकलं.

"पुटं किती दिलीत, भाऊ?"

साल खारवलेल्या रसात बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं, म्हणजे एक पुट. मी दोन दिली होती. दुसरं पुरतं वाळायच्या आत बोटीच्या घाईनं बांधलंही होतं.

"काशी पाच देत होती," ती म्हणाली.

चाळीस वर्षं ते माझ्याच अंगणात चाललं होतं आणि मी कधी मोजलं नव्हतं. माझं तोंड बघून ती विरघळली असावी. तराजू ओढून म्हणाली, असू दे, काशीच्या नावानं घेते.

तिथं माझं डोकं फिरलं.

"तिच्या नावावर माझा कच्चा माल खपवू नका. वाईट असला तर वाईट म्हणा."

तिनं तराजू खाली ठेवला. "वाईट हाय."

"बरं."

"रस उरलाय घरात?"

"बरणीभर."

"मग हितं काय करताय? ऊन अजून आठ दिवस टिकंल." गाठोडं तिनंच घट्ट बांधलं. "आमचा माणूस बुडाला तेव्हा लोक दया करून माल घेत. दयेचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाय, भाऊ."

तरी ठरल्याप्रमाणे मी हरलो होतो. बंदरावर गेलो. बोट लांब पाण्यात उभी, आणि माणसं पडावांत (बोटीपर्यंत नेणाऱ्या होड्यांत) भरत होती. खलाशानं हात पुढं केला, म्हणाला, या आजोबा, उतरा. मी त्या हाताकडे बघत राहिलो. मागची माणसं ढकलायला लागली. मनात आलं, पैज लावली कोणी? मी. मोडायला कोणाची परवानगी लागते?

"नाही येत," मी म्हटलं.

"मग ट्रंक कशाला आणलीत?"

"परत न्यायला."

दिवस मावळता घरी पोचलो. सखू म्हणाली, बोट चुकली वाटतं. म्हटलं, बोट वेळेवर गेली, किल्ली दे.

सकाळी अंगणात चटई पसरली. सालं पुन्हा रसात घातली, पिळली, उन्हात मांडली. तिसरं पुट. हात कोपरापर्यंत लाल. लोक मला सांगतात, काळ जाईल तसं दुःख कमी होईल. काळाचं मला माहीत नाही. पाच पुटं व्हायची तर उन्हानं वाळवायचं आणि मी बुडवायचं, आणि माझा हात अजून चालतो.

पाचवं पुट वाळल्यावर सालं काळी पडली, मऊ झाली. एक तोंडात टाकलं. तीच घरची चव. मग गाठोडं बांधलं, आणि रत्नागिरीला निघण्याआधी मुलाला कार्ड लिहिलं: तू म्हणालास तसंच झालं, पहिल्यांदा जमलं नाही. पुन्हा करून बघतोय, म्हणून येत नाही.