थांबाकाका आणि देवापुढच्या दोन वाट्या

माझी रोजची वही कुणी उघडलीच, तर पहिल्या पानापासून त्यात एकच गोष्ट सापडेल : मी किती शहाणी आहे. दूधवाल्याला काय सुनावलं, शेजारणीला कसं समजावलं, घरातलं कोण माझं न ऐकून कसं पस्तावलं. आज पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या शहाणपणाबद्दल लिहायला बसले आहे, त्यामुळे हात जरा जड चालतोय.

आमच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. मालकांचं नाव पाटीवर आहे, पण सगळे त्यांना थांबाकाका म्हणतात. चिठ्ठी पुढे केली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द हाच येतो. "थांबा." मग चष्मा कपाळावरून नाकावर येतो. चिठ्ठी दोनदा वाचून होते. औषध फळीवरून निघतं, पण हातात पडत नाही. आधी परीक्षा.

"ही कधी घ्यायची?"

"सकाळी."

"काही खाऊन की उपाशी?"

"तुम्हीच सांगा की हो!"

"सांगतो. मग तुम्ही मला परत सांगायचं."

मागे रांग दारापर्यंत जाते, लोक घड्याळं बघतात, काका ढिम्म. सुटी गोळी हातावर कधी देत नाहीत. पाकीट कापताना नाव नि तारीख असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल अशी कात्री चालवतात. म्हणतात, "सुटी गोळी म्हणजे अनोळखी माणूस. घरात घ्याल का?"

दुनियेला शिस्त लावणाऱ्या या माणसाला स्वतःला रक्तदाब आहे आणि स्वतःची गोळी मात्र आठवत नाही. रोज अकराच्या सुमारास काकू हातात पाण्याचा पेला घेऊन मागच्या खोलीतून येतात आणि भर गिऱ्हाइकांत उभ्या राहतात.

"अहो, आ करा."

"अगं, लोक आहेत."

"लोकांना माहितीये तुम्हाला तोंड आहे ते."

काका गोळी गिळतात, लोक हसतात, काकू रिकामा पेला घेऊन आत जातात. चौतीस वर्षं दुकान चाललंय. मुलगा परगावाहून फोन करतो, "बाबा, विकून टाका आता." काका त्यालाही "थांब" म्हणतात.

मला या माणसाचा राग यायचा, खरं सांगते. कारण औषधांच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही अशी माझी ठाम समजूत होती. आमच्याकडे दोन आजारी माणसं. सासूबाईंना दमा आणि रक्तदाब. त्यांचा ओढायचा पंप उशाशी असतो आणि सकाळी रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी. यांना तीन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला. यांची सकाळची गोळी हृदयाचे ठोके आवरणारी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या जातीची. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारीक, गोल. आईंना बारीक दिसत नाही आणि हे ताटात काय वाढलंय ते पाहूनही कधी जेवले नाहीत.

पण मी होते ना! रोज पहाटे पूजा झाली की दोन्ही गोळ्या पाकिटांतून काढून दोन छोट्या वाट्यांत ठेवायच्या आणि वाट्या देवापुढे. आधी देवाची नजर पडू दे, मग माणसाच्या पोटात जाऊ दे. डावीकडची वाटी आईंची, उजवीकडची यांची. घरात सगळ्यांना पाठ. आंघोळ झाली की ज्याने त्याने देवाला नमस्कार करायचा आणि आपली वाटी उचलायची. वहीत रोज दोन बरोबरच्या खुणा आणि खाली "देवाची कृपा". कृपा माझी असायची, पण नम्रपणा म्हणून देवाचं नाव.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. भिंतीला टेकून असलेला देव्हारा हलवायला लागला. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये अर्धी भिंत आहे, वरून उघडी. तिच्यावर देव बसवले. मला फार आवडलं. मी ओट्यापाशी उभी राहून पूजा करणार, बाकीच्यांना बैठकीतून दर्शन. दोन्हीकडून देव! वहीत या युक्तीचं कौतुक पाऊण पान आहे.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांची पानं मी आता जशीच्या तशी उतरवते, कारण लाज वाटायची ती एकदाच वाटून जाऊ दे.

"आईंना जिना चढताना धाप. पंप जास्त लागतो. हवा बदलली आहे."

"यांचे बूट घट्ट होतात. बूटवाला चोर. मी आधीच म्हटलं होतं."

"आई रात्री उशाला टेकून बसून होत्या. माझ्या जपाच्या दोन माळा वाढवल्या."

"यांच्या छातीत धडधडतं म्हणे. चहा कमी करायला सांगितलं. घोट्यावर मोज्याचे वळ. मोजेही चोराकडचेच."

"आईंना वाक्य पुरं करवत नाही. आणखी दोन माळा."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, आत शिट्ट्या वाजत होत्या. विचारलं, "औषधं तीच चालू आहेत ना? काही बदल?"

"काडीचाही नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे लिहिलेलं असतं."

त्यांनी जास्त ताकदीचा पंप लिहून दिला, वर पाच दिवसांच्या गोळ्या, आणि म्हणाले, यानेही उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आई घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "आता पुरे गं." मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी चिठ्ठी घेऊन दुकानात. चष्मा नाकावर आला.

"थांबा."

"काका, आज नको. आईंना खरंच त्रास होतोय."

"म्हणूनच थांबा. आजींना एक पंप दोन महिने पुरतो. या महिन्यात तुम्ही दोन नेलेत. घरात काय बदललं?"

"काही नाही."

"धूळ? रंग? मांजर?"

"काहीही नाही. हवं तर वही दाखवते." आणि मी पिशवीतून वही काढली. खरं तर माझी इच्छाच होती की कुणीतरी कधीतरी ती मागावी.

"वाचा," काका म्हणाले. "गेले पंधरा दिवस."

मी भर रांगेसमोर खणखणीत आवाजात वाचलं. माळांपाशी आवाज जरा चढवला. बूटवाल्याच्या मोज्यांपाशी आले तर काकांनी हात वर केला.

"घोटे सुजलेत? दोन्ही पायांचे?"

"बूट हलके आहेत हो."

"बूट राहू द्या. साहेबांचे पाय सुजलेत, धडधडतंय. आजींचा दम वाढलाय. बाई, पाय सुजवते ती अम्लोडिपिन. ती आजींची. आणि दमेकऱ्याचा श्वास आवळते ती साहेबांची गोळी. तुम्ही देता कशा त्या?"

मी वाट्यांचं सांगितलं. डावी-उजवीचं सांगितलं. अर्ध्या भिंतीचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

 काकांनी दोन डब्या काचेवर ठेवल्या आणि मला विचारलं, "तुम्ही इकडून ठेवता. ते तिकडून उचलतात. मग डावी कुणाची?"

रांगेतल्या एका गृहस्थांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा. आई पावणेदहाला आंघोळ करून येतात.

काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला. नंबर त्यांनीच लावला. हे बोलले, "हॅलो?"

"आई कुठेत?"

"या काय, देवापाशी. नमस्कार करतायत."

"त्यांना गोळी घेऊ देऊ नका! तुम्हीही घेऊ नका!"

"अगं, मी तर कधीच घेतली. का?"

"हात धरा त्यांचा आधी!"

फोनमधून वाटी पडल्याचा आवाज आला आणि मग आईंचा, तुटक तुटक, "काय... झालं... तिला?"

काकांनी फोन घेतला. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, घाबरू नका, पण दोघांनी आत्ता दवाखान्यात जायचं. तुमची ठोक्यांची गोळी पंधरा दिवस पोटात गेलेली नाही. ती अशी एकदम बंद करायची नसते. आणि मनाने काही भरून काढायला जाऊ नका. डॉक्टर सांगतील तसंच." मग शटर अर्धं ओढून, रांग तशीच ठेवून, त्या दोन डब्या हातात घेऊन ते माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत आले. मागून काकू ओरडल्या, "अहो, तुमची अकराची गोळी!" त्या दिवशी त्यांची गोळी चुकली असणार. तेही माझ्याच खात्यात.

डॉक्टरांनी यांचा ईसीजी काढला. निभावलं होतं. यांची गोळी कमी मात्रेने पुन्हा सुरू झाली. आईंना दोन दिवस ठेवून घेतलं, वाफ दिली, नळीने प्राणवायू दिला. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. तरी मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. "औषध बदललं," एवढंच. देवापुढे उभी राहिले की वाटे, या बिचाऱ्याला रोज समोर दिसत होतं, आणि मी डोळे मिटून माळा ओढत होते.

थांबाकाकांना विचारलं, आता गोळ्या देवापुढे ठेवू की नको? म्हणाले, "ठेवा की. पाकिटासकट ठेवा. त्यालाही नाव वाचता येतं." मग म्हणाले, "आजींना सांगितलंत?"

"अजून नाही."

"त्यांना वाटत असेल त्यांचं शरीरच संपत आलंय," काका म्हणाले आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली.

ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि आईंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. वाट्या, भिंत, डावी, उजवी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मरत नव्हते?"

"नाही हो, आई. मी मारत होते."

"मेले! मी माझी लोकरीची शाल गेल्या आठवड्यात ताईला देऊन बसले. म्हटलं, आता कुठे लागणार." ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. "आण ती परत."

"मी?"

"मग कोण, देव? आणि का परत हवी ते खरं सांग तिला. खोटं बोललीस तर मला कळेल."

ज्या बाईसमोर मी बावीस वर्षं एक चूक कबूल केली नव्हती, तिला फोन लावला. सगळं सांगितलं. वन्सं आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाल्या, "वहिनी, शाल देते, पण मी ती धुवायला टाकलीय."

हे ऐकलं आणि आईंनी फोन माझ्या हातून ओढला. "धुवायला? कुठल्या पाण्यात? गरम असेल तर आत्ताच्या आत्ता काढ, लोकर आहे ती, आणि पिळू नकोस, तुला लहानपणापासून पिळायची खोड, उन्हात तर मुळीच टाकू नकोस, चादरीवर पसर, आणि रविवारी येशील तेव्हा घडी नीट घालून आण, परवासारखा बोळा करून नको!"

एका दमात. मी शेजारी उभी राहून ऐकत होते, आणि मध्ये एकदाही पंपाकडे त्यांचा हात गेला नाही.