वाटीतलं दूध

आई गेली तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. आत्या सांगायची, की मी रांगत जाऊन आईची गोधडी उचलायचे, खाली बघायचे, टाकायचे, पुन्हा उचलायचे. मला त्यातलं काही आठवत नाही. लातूरला शेजारच्याच घरात ही विधवा आत्या राहायची. वडिलांनी मला तिच्याकडं सोपवलं आणि ते उमरीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करायला गेले.

आत्याची मुलगी माझ्याच वयाची. रोज सकाळी तिला उभ्या पितळी पेल्यात दूध मिळायचं, मला पसरट वाटीत. तिचा पेला काठोकाठ दिसे, माझ्या वाटीत दूध तळाशी. मी पाच वर्षांची होते. डोळ्यांना दिसे तेच खरं. ती पोटची, मी आणून सोडलेली, म्हणून मला कमी. कुणाला काही न बोलता मी वाटी घेऊन परसात जायचे आणि शेवग्याखाली एकटीच प्यायचे.

"लई अबोल पोर हाय," आत्या शेजारणीला सांगायची.

आठव्या वर्षी एकदा आत्येबहीण तापानं निजून होती. तिचं दूध तसंच राहिलेलं. माझी वाटी रिकामी झाली होती. मी पेला तिच्यात ओतला. दूध रोज जिथवर असायचं, तिथवरच आलं. परत पेल्यात ओतलं, पेला काठोकाठ. पुन्हा वाटीत. तेवढंच.

"दुधाशी काय खेळायलीस?" आत्यानं विचारलं.

"आत्या, मला वाटीतच का देतीस?"

"पेल्यातलं लवकर निवत न्हाई. लहानपणी जीभ पोळून घेतलीस, तवापासून वाटी."

एवढं बोलून ती चुलीकडं वळली. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं मी परसात उगाच बसले होते.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा रझाकारांचा जोर वाढला होता. वाटा धोक्याच्या झाल्या, तसं वडिलांचं अधूनमधून येणंही थांबलं. आत्येबहीण लग्न होऊन औशाला गेली. घरात आम्ही दोघीच उरलो. तेव्हा कुठं मला न दिसणाऱ्या गोष्टी सुचायला लागल्या. माझी आई गेली, तेव्हा आत्याचंही जिवाभावाचं कुणी गेलं असेल का?

ती भाकरी थापत असताना मी विचारलं, "आई गेल्यावर तुला कसं वाटलं?"

तिचे हात थांबले.

"हे कुणी इचारलंच न्हाई गं मला," ती म्हणाली. "दोघी मिळून एका जात्यावर दळायचो. तुझ्या आईचा हात लई हलका. ती गेली, अन् मग मी एकटीच दळत राहिले."