रामटेकेभाऊंचा वायवा

आमच्या कॉलेजात हजेरीपट कधी पूर्ण भरत नाही, किस्से मात्र भरभरून! स्टाफरूममध्ये एक सुरू केला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो आणि कपातला चहा गार होऊन जातो. आता मी हे हसत सांगते. घडत होतं तेव्हा मात्र हसू कुठलं!

कॉलेज म्हणजे रायपूरकडच्या हथखोजच्या कारखान्यांना लागून असलेलं खासगी करिअर कॉलेज. माझी बॅच संध्याकाळची, वेल्डर लोकांची. सगळे चाळिशीच्या आगेमागे. हातात कसब, पण सर्टिफिकेट नाही. आणि मी? सगळं वेल्डिंग पुस्तकातून शिकलेली!

त्यातले सगळ्यात मोठे रामटेकेभाऊ, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या कंपनीनं सांगून टाकलं होतं, ही परीक्षा पास करा, नाहीतर वेल्डरचं काम बंद, हेल्पर व्हा. तेही कोणाचे? त्यांनीच ज्याला वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवलं, त्या माणसाचे! पहिल्याच दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बावीस वर्षं झाले काम करून राहिलो. आता हेल्पर झालो तं घरी कोणतं तोंड दाखवू?"

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

मोठ्या माणसांना कसं शिकवायचं, याचं ट्रेनिंग मी घेतलं होतं. त्यात सांगितलेलं, आधी संकोच घालवा. बॉल फेका, जो झेलेल तो आपली ओळख सांगेल.

मी बॉल फेकला. अख्खी रांग झटकन बाजूला! बॉल भिंतीवर आपटून माझ्या पायाशी. पुन्हा फेकला, तर दुसरी रांग बाजूला. मला वाटलं, गेलं सगळं, पहिल्याच दिवशी माझ्यावर बहिष्कार! डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

शेवटी अहिवाऱ्याचे साहूजी उठले. फार समजुतीनं म्हणाले, "मैडम, वर्कशॉप में उड़ती चीज पकड़ते नहीं, हटते हैं. आप भी हटा कीजिए!"

*

"समजलं का?" विचारलं की सगळे एका सुरात "हो मॅडम!" ह्या "हो"चीच मला जास्त भीती वाटायची. कारखान्यात "समजलं नाही" म्हटलं की काम दुसऱ्याला देतात, म्हणून हे लोक ते शब्द तोंडातून काढतच नाहीत.

मग मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहू नका, जे समजलं नाही तेवढंच लिहा. सगळ्या कोऱ्या आल्या! एकीवर मात्र अक्षर होतं. मी आशेनं उघडली.

"सब समझ गए मैडम. आप इतना डरती क्यों हैं, ये नहीं समझे."

*

डायरेक्टर सर वर्ग बघायला येणार होते. विद्यार्थी वर्गात किती रमतात, हे त्यांना फॉर्मवर टिपायचं होतं. सर दारात उभे राहिले मात्र, सगळ्या माना खाली, सगळी पेनं सुरू! लिहून राहिले, लिहून राहिले. मी तर काही लिहायला दिलंच नव्हतं!

सर खूश. जाताना म्हणाले, "वा मैडम, क्या लगन है!"

सर गेल्यावर मी वह्या पाहिल्या. कोणी आपलंच नाव पानभर लिहिलेलं, कोणी किराण्याची यादी. मी कपाळावर हात मारला. रामटेकेभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब राउंडवर आला का हात चालू पाहिजे, मॅडम. मंग काम असो का नसो."

*

त्यांचा पहिला सराव पेपर मात्र कोरा आला. मी विचारलं, "भाऊ, येत होतं ना सगळं? मग लिहिलं कावून नाही?"

"चुकलं तं?"

एवढंच बोलले. लोखंडावर चूक झाली तर घासून काढून पुन्हा भरता येते, कागदावर लाल फुली बसते! मग मी लाल पेन कपाटात टाकलं. चुकीच्या उत्तराभोवती पेन्सिलनं गोल करायचा आणि बाजूला लिहायचं, "रिपेअर". कारखान्यात इन्स्पेक्टर खराब सांध्याभोवती खडूनं करतो तसंच. दुसऱ्या दिवसापासून वर्गात एकच गलका, "मला किती रिपेअर?" रामटेकेभाऊंचे अकरा निघाले आणि त्यांनी घरून अकराही करून आणले.

त्यांची लेखी परीक्षा कशीबशी निघाली. राहिला वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. आणि इथंच घोडं अडलं! एरवी चहाच्या टपरीवर तासभर गप्पा हाणणारा माणूस, समोर बसवून प्रश्न विचारला की मुका. मी विचारला तरी मुका! घरी मी ताट अर्धवट सोडून उठायची. आमचे हे म्हणाले, "परीक्षा त्याची हाय का तुही? तू कावून वाळून राहिली?"

*

वायवाला परीक्षक रायपूरहून आले, माझ्याच वर्गात माझ्या खुर्चीवर बसले, मराठी निघाले. चला, निदान भाषेचं तरी सोपं झालं, असं मनाशी म्हणत मी बाहेर दाराच्या काचेला नाक लावून उभी.

रामटेकेभाऊ आत गेले. साहेबांनी काहीतरी विचारलं. भाऊ गप्प. पुन्हा विचारलं. भाऊ खाली बघून राहिले. साहेबांनी पेन उचललं. गेला माणूस!

तेवढ्यात भाऊ उठले आणि साहेबांना हातानं "उठा" म्हणाले. साहेब उठले! भाऊंनी त्यांची लोखंडी खुर्ची उचलली आणि चक्क उलटी केली. अरे देवा! मी दार ढकलून आत घुसले. "साहेब, माफ करा, यांना..."

साहेबांनी मला हात दाखवून थांबवलं. ते खुर्चीच्या पायाशी उकिडवे बसले होते. भाऊंचं बोट सांध्यावर.

"हा पाहा क्रॅक. पाय आता निसटतेच. बाजूले हे बारीक छिद्रं, पोरॉसिटी. रॉड ओला होता वाटते. इथं कडेले खाल्लं, हा अंडरकट, करंट जास्त ठेवला. अन् हा स्लॅग, वेल्डवरची मळी, साफच नाही केली. तुम्ही चार दोष विचारले ना साहेब? चारही इथंच हाय. तुम्ही बसून राहिले होते त्याच्यावर, मले तं बोलणंच सुचेना!"

साहेब हळूच उठले. उभ्याउभ्याच त्यांनी रामटेकेभाऊंच्या नावापुढे "उत्तीर्ण" लिहिलं. मग खुर्चीकडे पाहत मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज ह्याच खुर्चीवर बसता?"

मी तोंड उघडायच्या आत रामटेकेभाऊ बोलले.

"मॅडम कुठं बसतेत साहेब! तीन महिने झाले, आमच्या टेन्शननं उभ्याच हायेत बिचाऱ्या!"