तिथीची पाऊणपट

सातवीला मी भूगोल शिकवते. हवामानावर परिणाम करणारे घटक: अक्षांश, उंची, वारे, समुद्रसान्निध्य. सान्निध्य म्हणे! माझ्या बाबांचं भातशेत खाडीच्या बांधाला चिकटून आहे, त्यांना विचारा सान्निध्य काय असतं ते. एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड भात होत नाही.

मी रोह्याजवळ वरसे गावात राहते आणि बाबा कासूच्या पुढे, गावी, एकटे. बांधात पाणी सोडायचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरती चढायच्या आत तिला फळ्या लावायच्या आणि ओहोटीला काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. पावसाळाभर हेच. वेळ काढायची ती तिथीची पाऊणपट करून. चतुर्थीला भरती तीनला पूर्ण, अष्टमीला सहाला. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून. आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही पाऊणकी पाठ.

बाबांना कॅलेंडरचं बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून रोज सकाळी, नेमकी मी डबा भरत असताना, फोन. "बाय, तिथ काय गो आज?"

यंदा नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी मी सांगितलं, "द्वितीया."

"म्हंजे दीडला पूर्ण. तीन तास आदी, साडेदहाला जातो मी."

दुपारी शाळेत पुन्हा फोन आला. दिवसातून दोनदा फोन करणारा माणूस नाही तो. ते साडेदहाला पोचले तेव्हा पाणी उघाडीतून आत येत होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी फळ्या लावल्या. या वयात! खालचं एक खाचर मात्र खारावलं.

"तिथ नीट बगितलीस ना गो?" त्यांनी विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते, आमचं तसंच चालतं. पण आवाज अगदी बारीक होता.

तिथी मी नीटच बघितली होती. चंद्रही आपल्या वेळेवरच होता. पण दोन दिवस वारा समुद्राचं पाणी खाडीत कोंबत होता आणि डोंगरातला पाऊस नदीवाटे खाली येत होता. हे पूर्वीही व्हायचं, कधीमधी. हल्ली पावसाळ्यात चार-पाचदा होतं. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते, पण बाबांना सांगायला जीभ रेटेना. आजोबांपासून चालत आलेला हिशेब खोटा पडायला लागला म्हटल्यावर या माणसाने कशाच्या भरवशावर बांधावर जायचं?

"चुकलं बाबा," मी म्हटलं. "काल पौर्णिमा वाढली होती. आज प्रतिपदाच आहे."

"डोळं फुटलं काय तुझं?" ते म्हणाले. मला हायसं वाटलं.

एकदा खोटं बोलले ते बोलले, पण त्यातून मला युक्तीच सापडली. एक तिथी मागे सांगितली की बाबा पाऊण तास आधी निघणार. दुसऱ्या दिवशी तृतीया होती, मी बिनदिक्कत द्वितीया सांगितली. फळ्या वेळेत लागल्या. पण मी दिवसभर वर्गाच्या खिडकीतून झाडं किती हलतात तेच बघत होते. पोरांना वारे शिकवायचे आणि आपणच वाऱ्याला घाबरायचं, अशी गत.

तिसऱ्या सकाळी फोन आला. "तिथ काय गो?"

"तृतीया."

 

"आज संकष्टी हाय," बाबा म्हणाले. "माझा उपास हाय."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. चोरी पकडली गेली होती, तीही गणपतीच्या दिवशी.

"नारळ सोडून चार दिस झालं. मोजायला मला बोटं नायत काय?"

"मग विचारता कशाला रोज?"

 फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. ते घरी नव्हतेच, बांधावर पोचले होते.

"बाय," ते म्हणाले, "एक तिथ कमी करून भागत नाय गो. उद्यापासून दोन कमी कर."